पेटीवरून पियानोकडे: डाव्या हाताचं काय?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षं पेटी वाजवली, पण पियानोवर उजवा हात पळतो आणि डावा अडखळतो. इथे सांगली-मिरजेकडे पेटीवरून पियानोकडे आलेल्या बऱ्याच जणांचं असंच होतं. पेटीत डावा हात भाता मारतो, बोटांना कामच नसतं. म्हणून त्याच्यावर चिडू नका, तो खराखुरा नवशिका आहे.

निदान दोन महिने सराव डाव्या हातानेच सुरू करा. पांढरी एकला, म्हणजे पियानोच्या C पट्टीवर, सा धरा. सा वर करंगळी, मग ओळीने एकेक बोट, प वर अंगठा येतो. आता अंगठ्यावरून मधलं बोट पलीकडे टाकून ध घ्या, नी तर्जनीने, वरचा सा पुन्हा अंगठ्याने. ही उडी घेताना कोपर उचलतं, तिथेच सगळं बिघडतं. मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवा, ठोक्याला एक स्वर. अडखळलात तर 50 वर या, लाजू नका.

दोन्ही हात जोडताना अख्खं गाणं नको, चार-आठ मात्राच घ्या. रोज वीस मिनिटं पुरतात, रविवारी एकदम दोन तास बसू नका.

आणि कीबोर्ड घेणार असाल तर वजनदार पट्ट्यांचाच, म्हणजे पट्ट्या दाबायला खऱ्या पियानोसारख्या जड लागतील असाच बघा, हलक्या पट्ट्यांवर बोटांत जोर येत नाही.