मे महिन्यात जपानी शिकणं म्हणजे चोचले?

तापीकाठ : काल 'भुसावळ जंक्शन' या टोपणनावाच्या सदस्यांनी या मंचावर लिहिलं की पुण्यातले चिनी-जपानी भाषा आणि संस्कृतीचे उन्हाळी वर्ग म्हणजे पैसेवाल्यांच्या पोरांचे चोचले, खान्देशच्या पोराने सुट्टीत आधी इंग्रजी पक्कं करावं. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी धुळ्याकडची. घरी अहिराणी, शाळेत मराठी, इंग्रजीत कायम अडखळलेली. बाविसाव्या वर्षी मैत्रिणीच्या खोलीवर राहून पुण्यात जपानीच्या वर्गाला बसले. तिसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'शिगोतो ओ शिमास'. शिगोतो म्हणजे काम, ओ हा कर्माचा प्रत्यय, शिमास म्हणजे करणं. मी, तू, तो, कुणीही असो, शिमासच. मला एकदम आजी आठवली : मी काम करस, तू काम करस, तो काम करस. नातं काही नाही, निव्वळ योगायोग. पण क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, ही घडण आपलीच ना? शेजारची इंग्रजी माध्यमातली मुलगी प्रत्येक वाक्य मनात उलटं करून मग बोलायची. मी सरळ बोलत होते, आयुष्यात पहिल्यांदा न घाबरता.

जपानी अक्षरांचा तक्ताही अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न. बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीच्या अभ्यासातून तो क्रम आला. 'त्सुनामी'तला त्सु म्हणजे आपल्या 'चुली'तला च. चिनीत तर प-फ, त-थ, क-ख यांसारख्या फरकाने अर्थ बदलतो, आणि तो फरक आपण पहिलीतच गिरवलेला असतो. इंग्रजीची शिडी लागतेच कशाला?

भुसावळ जंक्शन : ताई, अनुभव तुमचा, मान्य. पण हिशेब करा. सहा आठवडे, आठवड्याला पाच दिवस, रोज तीन तास, म्हणजे ९० तास. जपानची रोजच्या वापराची कांजी (चिनीतून घेतलेली चिन्हं) २१३६. २०१९ पासून जो कुशल कामगारांचा नवा व्हिसा निघाला, त्याला जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची किमान एन-४ पातळी (सर्वांत सोपी एन-५) किंवा जेएफटी-बेसिक ही दुसरी परीक्षा लागते. उन्हाळ्यात काय हाती येणार? माझ्या भाच्याला एका एजंटने 'तीन महिन्यांत जपान' सांगून दीड लाख घेतले. कापसाचे पैसे होते ते. पोरगं आज घरी बसलंय आणि मेव्हणा माझ्याशी बोलत नाही, कारण जाहिरात मीच दाखवली होती. आता बोला.

यावलची केळीबाग : वाईट झालं दादा, पण एजंटाचा राग वर्गांवर का? माझा आक्षेप दुसराच आहे. दोन्ही भाषा एका उन्हाळ्यात कशाला कोंबता? डोंगराचं चिन्ह तेच, चिनीत शान, जपानीत कुठे यामा तर कुठे सान. नवख्याचा पार गोंधळ उडतो. एकच घ्या. आणि पुण्याला का पळायचं? अजिंठा जळगावपासून साठेक किलोमीटर. जपानी पाहुणे तिथे येतात, त्यांना त्यांच्या भाषेत लेणं समजावणारी किती पोरं आपल्याकडे आहेत?

पांझराकाठ : जपानी राहू द्या, आधी अहिराणीचा वर्ग काढा. जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं, त्यांची अहिराणी मात्र पोरांना बोलायची लाज वाटते.

असोद्याचा वाटसरू : बहिणाबाईंची भाषा अहिराणी नाही. जळगावकडच्या लेवा समाजाची लेवा गणबोली आहे. किती वेळा सांगायचं? आमच्या घरात 'करस' कुणी म्हणत नाही.

पांझराकाठ : झालं सुरू! २०११ च्या जनगणनेत खान्देशी भाषागटात (अहिराणी त्यातच) १८ लाखांवर लोक, तरी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाव नाही. इंग्रजांच्या काळात भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सनने आम्हाला भिल्ल भाषांच्या खंडात बसवलं. आणि तुम्ही 'आमचं वेगळं, आमचं वेगळं' करत बसा.

असोद्याचा वाटसरू : तुमची संख्या वाढावी म्हणून आम्ही आमची बोली सोडायची? शाळेत गणबोलीत उत्तर दिलं म्हणून छड्या खाल्ल्यात मी. हाताची बोटं सुजली होती. आज तिलाच कुणी अहिराणी म्हणालं की तीच छडी पुन्हा बसते.

पांझराकाठ : छड्या आम्हीही खाल्ल्या. 'कथा जाई ऱ्हायना' (कुठे चाललास) म्हटलं म्हणून अख्खा वर्ग हसला होता.

तापीकाठ : दोघंही खरंच बोलताय, आणि बहिणाबाईंबद्दल असोद्याचे दादा बरोबर आहेत. पण त्याच लाजेबद्दल मी लिहितेय. आजीचं 'करस' लपवायचं नसतं, हे मला त्या जपानी वर्गात कळलं. धुळ्यात कुणी सांगितलं नव्हतं.

भुसावळ जंक्शन : चोचले हा शब्द मागे घेतो. बाकी काही नाही. ९० तासांत नोकरी मिळत नाही, हे तुम्हीही लिहा.

तापीकाठ : लिहिते : मिळत नाही. एन-५ सुद्धा जेमतेम, आणि जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते, ती तयारी वेगळी करावी लागते. एजंटाकडून पावती घेतली होती का?

भुसावळ जंक्शन : नाही. भाचा विचारतोय, मेमध्ये सुरुवात केली तर डिसेंबरची एन-५ जमेल का? हा धागा मी नाही, त्याच्या आईने दाखवला त्याला.

तापीकाठ : जमेल. जपानीच्या दोन अक्षरमाला, हिरागाना ४६, काताकाना ४६. आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) रोज पाच-पाच अक्षरं वहीत गिरवायला सांगा, पाठ करूनच वर्गाला येऊ दे.