जनुक ‘संपादन’ म्हणजे काढून घेणार का जी?

अनुवादाचं_ओझं
सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरची एक १६ पानी पुस्तिका मराठीत करते आहे. तपासणी, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, लग्नाआधीचा सल्ला, सगळं निभावलं. शेवटची दोन पानं नव्या उपचारांवर आहेत: क्रिस्पर हे जनुकात बदल करण्याचं तंत्र, आणि त्यावर आधारलेली, २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने नि डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिलेली कॅसजेव्ही ही उपचारपद्धती. तिथे मी बिनधास्त ‘जनुक संपादन’ लिहिलं. वर्तमानपत्रांत तेच असतं, मला कधी खटकलं नव्हतं.

मग नागपूरजवळ, मिहान प्रकल्पाच्या बाजूच्या एका गावात मजकूर वाचून दाखवला. एक आजोबा सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, “संपादन करतीन म्हंजे घेऊन जातीन नं? मंग मोबदला किती देतीन?” अख्खी ओसरी हसली, पण त्यांचा चेहरा गंभीर होता. त्या भागात संपादन म्हणजे भूसंपादन. सातबारा, नोटीस, वाढीव मोबदल्याचा दावा. दुसरा अर्थ त्यांनी ऐकलेलाच नाही.

दुसरा शब्द सुचवा. पुस्तिका सोमवारी छापायला जाते.

कोशकीटक
यात शब्दाचा काही दोष नाही. सम् + पद्, त्याचं प्रयोजक रूप. घडवून आणणे, सिद्धीला नेणे, मिळवणे. यश संपादन करतात, विश्वास संपादन करतात, तशीच जमीन. वर्तमानपत्राचं संपादन हा या घरातला धाकटा मुलगा. शिवाय जुन्या मराठीत सोंग ‘संपादणे’ आहे, म्हणजे बेमालूम वठवणे, त्यावरून ‘संपादणी’. एवढा श्रीमंत शब्द एका ओसरीवर हशा झाला म्हणून टाकायचा? ‘जनुक’ तरी आजोबांच्या काळी कुठे होता? आज दहावीचं पोर सहज म्हणतं. शब्द बदलू नका, वाचक घडवा.

नाइलाजाने_पुणेकर
सोमवारपर्यंत वाचक घडवायचा आहे, काका. सरळ ‘जनुकदुरुस्ती’ लिहा. रस्तादुरुस्ती, घरदुरुस्ती, सगळ्यांना कळतं.

कोशकीटक
‘दुरुस्त’ फारसी आहे, हे ठाऊक असेलच.

नाइलाजाने_पुणेकर
‘कागद’सुद्धा तिकडचाच. पुस्तिका भूर्जपत्रावर छापू या का?

स्लाइडवाला
फारसी असो का संस्कृत, इथं ‘दुरुस्ती’ लिहाल तर खोटं लिहाल. प्रयोगशाळेत अख्खी नोकरी गेली माझी, हजारो स्लाइडी पाहिल्या, म्हणून बोलतो.

सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर चुकलेलं असते. ‘ए’च्या जागी ‘टी’. त्यापायी प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते. ऑक्सिजन सुटला की असं हिमोग्लोबिन एकमेकाले चिकटून त्याच्या लांब काड्या होतात आणि गोल तांबडी पेशी इळ्यासारखी वाकते. मग बारीक रक्तवाहिनीत अडकते. दुखणं तिथून सुरू.

आता कॅसजेव्ही या चुकलेल्या अक्षराले हातही लावत नाही! पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असते. जन्मल्यावर काही महिन्यांत ते बंद पडत जाते आणि मोठ्या माणसाचं सुरू होते, म्हणूनच लेकराले पहिले पाचसहा महिने सहसा काही होत नाही. ते बंद करण्यात बीसीएल-११-ए नावाच्या जनुकाचा हात असते. क्रिस्परनं या जनुकाचं फक्त रक्तपेशींपुरतं चालणारं बटण तोडतात. बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होते. नळाचं पाणी खराब आलं म्हणून बुजवलेली इहीर उघडली, तसं. नळ तसाच नासका राहिला. याले दुरुस्ती कसं म्हणता?

नाइलाजाने_पुणेकर
हे माहीत नव्हतं. म्हणजे एक चांगली चालणारी गोष्ट मुद्दाम बिघडवायची. ‘जनुकबिघाड उपचार’ लिहिलं तर कोण घेईल?

मग खरी दुरुस्ती कुठेच होत नाही?

स्लाइडवाला
होते नं. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात केजे नावाच्या बाळावर झाली. यकृतातलं एक विकर (एन्झाइम) नीट बनत नव्हतं, रक्तात अमोनिया साचत होता. फक्त त्या एका लेकराच्या चुकीसाठी औषध बनवलं आणि ते एक अक्षर जाग्यावर बदललं. तिथं ‘दुरुस्ती’ खुशाल म्हणा. आणि कॅसजेव्हीच्याच दिवशी अमेरिकेत मान्यता मिळालेली लिफजेनिया तिसऱ्याच जातीची. त्यात निकामी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून एक जास्तीचं जनुक पेशीत घालतात. ती झाली ‘भर’. एका शब्दात तिघांले कोंबाल तर गोंधळ होईनच.

अनुवादाचं_ओझं
थांबा, म्हणजे आजोबांची शंका अगदीच चुकीची नव्हती? पुस्तिकेत लिहिलंय की रुग्णाच्या रक्तातून मूलपेशी गोळा करून कारखान्यात पाठवतात, काही महिन्यांनी परत आणतात, आणि त्या आधी बसल्फान हे औषध देऊन अस्थिमज्जा रिकामी करतात.

स्लाइडवाला
बरोबर समजले होते ते. घेऊनच जातात. वापस देतात एवढंच. मोबदला मात्र उलटा आपल्यालेच द्या लागते, अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. बसल्फाननं पुढं मूल होण्यात अडचण येऊ शकते, तेही पुस्तिकेत टाका. आणि बदल फक्त रक्तात होते. बरा झालेला माणूस पुढच्या पिढीले तेच जुनं जनुक देते. हे कोणी स्पष्ट लिहीत नाही.

धरमपेठी
‘जनुकीय कात्री’ का नको? क्रिस्परसाठी २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल डाउडना आणि शार्पेंटिए यांना मिळालं तेव्हा सगळ्या पेपरांनी हेच वापरलं होतं. फक्त आमच्या नागपुरात कात्रीला कैची म्हणतात, तेव्हा ‘जनुकीय कैची’ करा.

कोशकीटक
कैची मूळ तुर्की, हिंदीच्या खांद्यावर बसून विदर्भात उतरली. कात्री आपली, संस्कृत ‘कर्तरी’वरून. व्याकरणातला कर्तरी प्रयोगही तोच.

धरमपेठी
तो नाही! प्रयोगातला ‘कर्तरि’ हा ‘कर्तृ’ची सप्तमी, म्हणजे कर्त्याच्या ठिकाणी. कात्रीची ‘कर्तरी’ कापण्याच्या ‘कृत्’ धातूची. दोघींचं नातं नाही. मास्तरांनी यावरून हातावर पट्टी मारली होती, विसरणं शक्य नाही. आणि ‘कैचीत सापडणे’ तुम्ही पुण्यामुंबईचेही म्हणता. तिथे तुर्की चालते वाटतं?

कोशकीटक
कर्तरीची चूक मान्य. कैचीची नाही.

डबल_घंटी
मी एसटीत वाहक होतो, ३१ वर्षं. बोलू का?

संपादनाचं तुम्ही पाहून घ्या. मले त्रास ‘वाहक’ शब्दाचा आहे. माही मुलगी मेडिकलले तपासली, इलेक्ट्रोफोरेसिस म्हंते ती रक्ताची तपासणी केली, एएस पॅटर्न निघाला, म्हंजे एक जनुक चांगलं, एक सिकलचं. कागदावर लिहून आलं ‘सिकलसेल वाहक’. घरी सगळे हासले, बाप वाहक, लेक वाहक. पण पाहुणे पाहाले आले तेव्हा हासू नाही आलं. मुलाची आई म्हणे, वाहक म्हंजे रोग वाहून आणणारी नं? डासही मलेरियाचा वाहकच म्हणते शाळेच्या पुस्तकात. सोयरीक तिथंच थांबली. डासाले आन् माह्या पोरीले एकच शब्द काऊन?

नाइलाजाने_पुणेकर
हे वाचून वाईट वाटलं, काका. एक बारीक शंका: मेडिकलमध्ये इलेक्ट्रोफोरेसिस होतं?

धरमपेठी
अहो, नागपुरात ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. औषधाचं दुकान नव्हे.

एएस_आहे_मग
काकांचं अगदी पटलं. मीही एएस. मला काही होत नाही, धावते, पोहते, घाट चढते. तरी कोणत्याही शिबिरात ‘सिकलसेलग्रस्त व वाहक’ असं एका श्वासात म्हणतात. ‘ग्रस्त’ म्हटलं की पूरग्रस्त, प्रकल्पग्रस्त आठवतात, म्हणजे पुन्हा ते भूसंपादनच!

आम्ही मुली आपसात नुसतं ‘एएस’ आणि, दोन्ही जनुकं सिकलची असलेल्या रुग्णाला, ‘एसएस’ म्हणतो. त्यात कोणी कोणाला वाहत नाही की ग्रासत नाही. दोघं एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, एएस ५० टक्के, एए म्हणजे काहीच नसण्याची २५ टक्के. एवढं समजायला अक्षरं पुरतात. पुस्तिकेतही अक्षरंच ठेवा.

कोशकीटक
परकी अक्षरं हा भाषेचा पराभव आहे. वाहक नको तर ‘धारक’ म्हणा.

डबल_घंटी
पासधारक, शिधापत्रिकाधारक. आता सिकलसेलधारक. उद्या नूतनीकरणाले बोलावतीन.

एएस_आहे_मग
😂 काका, तिकीट तुम्हीच फाडलं.

धरमपेठी
विषय निघालाच आहे तर ‘निर्मूलन’ही घ्या. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचा. तिच्या हिंदी नावात ‘उन्मूलन’ आहे, मराठी बातम्यांत त्याचं ‘निर्मूलन’ होतं. हत्तीरोगाला मात्र आपला आरोग्य विभाग ‘दूरीकरण’ म्हणतो. उपटणं आणि दूर सारणं यांत फरक आहे. जनुक काही उपटता येत नाही. येत असेल तर स्लाइडवाल्यांनी सांगावं.

स्लाइडवाला
नाही येत. मलेरियाच्या मुलखात एएसवाले जास्त तगले म्हणून तर ते इतकं पसरलं. ‘दूरीकरण’ बरं वाटते मले. पण बोर्डावर ‘निर्मूलन’ रंगवून झालं आता, पेंटर पैसे घेऊन गेला.

एक चांगली बातमी मात्र आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेत देशी क्रिस्पर उपचार तयार झाला, त्याचं नाव ‘बिरसा १०१’. बिरसा मुंडांच्या दीडशेव्या जयंतीच्या वर्षात, २०२५ मध्ये जाहीर केला. गावात हे नाव सांगाल तर कोणी अर्थ विचारणार नाही.

कोशकीटक
नाव उत्तम. मात्र मी ‘संपादन’वर ठाम आहे.

अनुवादाचं_ओझं
सगळ्यांची आभारी आहे, पण सोमवार आला आणि शब्द एकच मागितला होता. शेवटी शब्द काढूनच टाकला. वाक्य असं केलंय: “तुमच्याच रक्तातल्या काही पेशी काढून घेतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात एक बदल करतात आणि तुम्हालाच परत देतात.” ‘परत देतात’ ठळक. स्लाइडवाल्यांची विहीरही घेतली आहे. वाहकाच्या जागी सगळीकडे एएस. डबल घंटी काका, मुलीला सांगा.

डबल_घंटी
सांगतो. तिचं जमलं आता, पोरगा एए आहे. कागद आम्हीच आधी मागितला.

कोशकीटक
म्हणजे व्याख्या दिली, शब्द दिला नाही. प्रश्न सुटलेला नाही.

उशिरा_आलेला
आत्ता वाचलं सगळं. छापून झालं का? कारण ‘पेशी’वर कोणीच बोललेलं दिसत नाही. आमच्याकडे भंडाऱ्यात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. “तुमच्या पेशी काढून घेतात” ऐकून लोक केस मिटली समजतीन. कोणत्या केसची पेशी, हे आजोबांले तर विचाराचंही काम नाही.