मदत हवी आहे: एक्सेलच्या उधारी यादीत नोव्हेंबरचं बिल मे महिन्याचं दिसतंय

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. दुकान अण्णांचं (माझे वडील), हिशेब तीन वर्षांपासून माझ्याकडे. द्राक्षाचा पट्टा, त्यामुळे सगळा धंदा उधारीवर. ऑक्टोबर छाटणी झाली की डावणी-भुरी या बुरशीजन्य रोगांची औषधं सुरू होतात आणि व्यापाऱ्याचे पैसे हातात आले की शेतकरी खातं मिटवतो. मधल्या काळात कोणाकडे किती दिवसांचं अडकलंय ते कळलं नाही, तर कंपन्यांचं पेमेंट करायचं कशातून?

एक्सेलमध्ये प्रत्येक शेतकऱ्याची वेगळी शीट, अशा २१४ शीट. शेवटी एक 'एकूण' शीट. त्यात आजच्या तारखेतून बिलाची तारीख वजा होते आणि १८० दिवसांच्या वर गेलेली ओळ लाल होते.

परवा एक लाल ओळ बघून मी फोन केला, "दादा, मे महिन्यापासूनची बाकी आहे." ते म्हणाले, "ताई, मे महिन्यात मी तुमच्या दुकानाची पायरी चढलेलो नाही," आणि संध्याकाळी दुकानात हजर. अण्णांनी लाल चोपडी काढली. बिल ५ नोव्हेंबर २०२४ चं. अण्णा मला काही बोलले नाहीत, चोपडी फक्त उघडी ठेवून चहा सांगायला गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

सेलमध्ये ५/११/२०२४ असंच दिसतं, शेजारचा महिन्याचा कॉलम मात्र 'मे' म्हणतो. जानेवारीच्या काही बिलांचे दिवस तर उणे येतात! काही ओळींत दिवसच नाहीत. पुन्हा टाइप करून पाहिलं, फरक नाही. दसऱ्याच्या आधीच्या नोंदी बरोबर आहेत.

आतेभाऊ म्हणतो एक्सेल सोड, अॅक्सेस (मायक्रोसॉफ्टचंच डेटाबेसचं सॉफ्टवेअर) घे. खरंच गरज आहे का?

प्रतिसाद १

ताई, दसऱ्याला नवीन लॅपटॉप घेतलात का? त्यावर विंडोजचं रीजन (देशाची सेटिंग) अमेरिका असणार. तिथे महिना आधी, दिवस नंतर. म्हणून ५-११ म्हणजे ११ मे. ८-१-२०२५ झाली १ ऑगस्ट २०२५, ती तारीख अजून यायचीय, म्हणून दिवस उणे. आणि २३-११ ला तेविसावा महिना सापडत नाही, म्हणून एक्सेल ती तारीख न मानता नुसता मजकूर म्हणून ठेवतं. कॉलमची रुंदी वाढवून बघा: खऱ्या तारखा उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे.

कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन भारत करा. पण थांबा, त्याने जुन्या नोंदी सुधारत नाहीत. आत ११ मे साठवलेलं आहे ते तसंच राहतं, फक्त ११-०५ असं दिसायला लागतं. आधी फाइलची एक प्रत काढून ठेवा. मग दसऱ्यानंतरच्या ओळींपुरता एक मदतीचा कॉलम घ्या. सेलमध्ये आकडा, म्हणजे एक्सेलने तारीख मानलेली नोंद, असेल (इज-नंबर फंक्शनने कळेल) तर डेट फंक्शनने वर्ष तेच ठेवून महिन्याच्या जागी दिवस आणि दिवसाच्या जागी महिना द्या. मजकूर असेल तर लेफ्ट, मिड, राइट वापरून तुकडे जोडा. दसऱ्याआधीच्या ओळींना हात लावू नका, नाहीतर बरोबर असलेल्या उलट्या होतील.

आणि काही ओळींत दिवस रिकामे कसे? तिथे एरर यायला हवी होती.

धागाकर्ती

हो, लॅपटॉप दसऱ्याचाच! एरर दिसायला वाईट दिसते म्हणून मीच इफ-एरर लावून रिकामं ठेवलं होतं. 🙈

प्रतिसाद २

तारखेचं सुटलं, पण खरं दुखणं त्या २१४ शीट आहेत. उद्या अण्णांनी विचारलं, नोव्हेंबरात डावणीचं औषध किती गेलं, तर २१४ दारं ठोठावणार का? सगळ्या नोंदी एकाच शीटवर आणा, एका बिलाच्या एका मालाला एक ओळ: तारीख, बिल नंबर, शेतकरी कोड, माल कोड, बॅच, नग, रक्कम. जमा झालेले पैसेही तिथेच, उणे रकमेने. दुसऱ्या शीटवर शेतकरी, तिसरीवर माल. वर पिव्हट टेबल (नोंदींची आपोआप बेरीज-वर्गवारी करणारा तक्ता) लावलं की प्रत्येकाचं खातं एका क्लिकवर. डेटाबेसची मांडणी म्हणजे हीच. ती एकदा जमली की अॅक्सेसमध्ये न्यायला एक दुपार पुरते. आत्ता २१४ शीट उचलून अॅक्सेसमध्ये टाकल्या तर २१४ टेबलं होतील, बाकी काही नाही.

एक्सेलच्या एका शीटवर १०,४८,५७६ ओळी मावतात, तुमच्या दुकानाला ते पुरून उरेल. दोघं-तिघं एकाच वेळी नोंदी करायला लागले की मग अॅक्सेसचा विचार करा.

शेतकऱ्याला कोड द्याच, नावावर जुळवू नका. आमच्याकडे एकच माणूस बिलावर ज्ञानेश्वर, वहीत माउली आणि मोबाइलमध्ये 'ग्यानू बोअरवाला' होता. बॅचचा कॉलम नोंदी करण्याआधीच टेक्स्ट करा. आकड्यांच्या मधे इंग्रजी ई आला की एक्सेल त्याला दहाचा घात समजतं आणि २३ई०४ चा २,३०,००० करून टाकतं. मुदत संपलेला माल परत करताना तो नंबर कोणी मान्य करत नाही, अनुभव आहे.

धागाकर्ती

रीजन बदललं, मदतीचा कॉलम केला. उलट्या तारखा ९१ निघाल्या, मजकूर झालेल्या १३८. सगळ्या चोपडीशी ताडून पाहिल्या. दोन जुळल्या नाहीत, पण त्या चोपडीतच चुकल्यात, बिलाची कार्बन कॉपी माझ्या बाजूने आहे. अण्णांना अजून सांगितलं नाही. 😄

कोडचं काम सुरू आहे, ६० शेतकरी झाले. त्या दादांना अण्णांनी स्वतः फोन केला.