मदत हवी आहे: बर्नआउटनंतर रजेवर आहे, पण आराम करणंच जमत नाहीये

नमस्कार मंडळी,

सरकारी बँकेत अधिकारी आहे, शाखा तालुक्याच्या गावी. मार्च एंडिंग, पाठोपाठ ऑडिट, त्यात विमा पॉलिसी विकायचं टार्गेट आणि रात्री जेवणाच्या ताटावर रिव्ह्यू कॉल. शेवटी शेवटी समोरच्या ग्राहकाचं बोलणं ऐकू यायचं, पण अर्थ लागायचा नाही. साधं व्हाउचर पास करायला हात धजावेना.

मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने पार गळून जाणं, सांगितलं. सर्टिफिकेटवर काय लिहायचं यावरून आधी घोळ झाला, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे. असो, रजा मिळाली.

आता खरा प्रश्न. सकाळी चालणं, प्राणायाम, डायरी, वेळेवर जेवण असं सगळं ठरवलं. मोबाइलवर पावलं मोजते, घड्याळावर झोप मोजते. संध्याकाळी आकडा कमी दिसला की रिव्ह्यू कॉलच्या आधी यायचा तसाच गोळा पोटात येतो! पहाटे तीनला टक्क जाग, दुपारी मात्र डोळे उघडत नाहीत. त्यात सासूबाई, "घरी आहेसच तर जरा माळा आवरून घेऊ." (त्यांचा हेतू वाईट नाही, पण माळा तो माळाच.)

टार्गेट न लावता स्वतःची काळजी कशी घेतात? आणि परत हजर होताना काय सांभाळायचं? "योगा कर, पॉझिटिव्ह राहा" सोडून सांगा, कृपया.

प्रतिसाद १
ताई, आधी ते पावलं मोजणारं अ‍ॅप काढून टाका. मी फोन घरी ठेवून भाजी आणायला चालत जायचो, तेवढंच. झोपेचं म्हणाल तर उठायची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. दुपारी अर्ध्या तासावर झोपू नका आणि चारनंतरचा चहा बंद. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), व्हिटॅमिन बी१२, हिमोग्लोबिन तपासलंत का? शाकाहारी असाल तर बी१२ बघाच, नुसत्या त्या कमतरतेनेही माणूस गळून जातो.

प्रतिसाद २
मीही बँकेतलाच. सप्टेंबरअखेरच्या तोंडावर अजिबात हजर होऊ नका, अर्धवार्षिक क्लोजिंगमध्ये पुन्हा तेच होईल. ऑक्टोबरचा मधला आठवडा बरा. निदान पहिले काही आठवडे कर्जविभाग नको, असं लेखी द्या. तोंडी सांगितलेलं बदली झाली की साहेबाबरोबर जातं. पहाटे तीनला फारच घालमेल झाली तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ वर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलतात.

धागाकर्ती
दोघांचे आभार. टीएसएच झाली होती, बी१२ राहिली, उद्या रक्त देते. अ‍ॅप काढलं. माळ्याचं काय करायचं ते मात्र कुणीच सांगितलं नाही :) अजून एक, सिक लीव्ह अर्ध्या पगारी लागते. रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा करून पूर्ण पगार घेता येतो म्हणतात. कुणी तसं घेतलंय का? अर्ज आधी द्यायचा की हजर झाल्यावर?