पाडा आणि स्लॅब टाका म्हणणाऱ्यांना

सोप्यावरून
परवा एका धाग्यावर वाचलं: "गोव्यात जुनं कौलारू घर दुरुस्त करणं म्हणजे हळवेपणापोटी पैसे पाण्यात घालणं. पाडा, स्लॅब टाका, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, खाली व्हिट्रिफाईड टाइल. पंधरा वर्षं बघायला नको. पुढचं पोरं बघतील." खाली अंगठ्यांचा पाऊस.

उत्तर देणार नव्हतो, पण 'पंधरा वर्षं' वाचून राहवेना. जन्माची पुंजी घालून बांधलेलं घर पंधरा वर्षांत पुन्हा उकरायचं आणि वर यालाच व्यवहार म्हणायचं?

डिचोली, फोंडा, कुठल्याही वाड्यावर फिरा. स्लॅबची घरं बघा आणि त्यातल्या किती घरांवर लोखंडी खांब रोवून निळ्या-तांबड्या पत्र्याची शेड उभी आहे तेही बघा. आधी स्लॅब, मग वॉटरप्रूफिंग, मग ते उखडून विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा, आणि शेवटी हात टेकून वर उतरतं छप्पर. म्हणजे जे पाडलं तेच, फक्त पत्र्याचं. दुपारी तापणारं आणि पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू न देणारं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. उतारावरून पाणी निघून जातं, सपाटीवर ते वाट शोधत बसतं. यात हळवेपणा कुठे आला?

दुसरं, चिऱ्याच्या भिंती. चिरा सच्छिद्र, जमिनीतली ओल वर ओढतो. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडत होता. आपण तो खरवडून सिमेंट मारतो, त्यावर पुट्टी, त्यावर चकचकीत इमल्शन. ओल आत कोंडते. मग फुगे, खार, पापुद्रे, आणि शिव्या रंगवाल्याला.

माझं भांडण सिमेंटशी नाही. जुन्या काळीही भिकार कामं होत होती, ती केव्हाच पडली, म्हणून आज फक्त चांगली उरलेली दिसतात. भांडण आहे ते पैसा कुठे जातो यावर. किचनच्या ट्रॉल्या आणि फॉल्स सीलिंगमधले निळे दिवे यांसाठी नवरा-बायको म्हापशापासून मडगावपर्यंत दुकानं पालथी घालतात. न्हाणीघराच्या फरशीखाली काय घातलं, पाइपला उतार किती, प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायचा, शिक्का आहे की नुसतं 'वॉटरप्रूफ' छापलंय, हे कोणी विचारत नाही. कंत्राटदार "घालतो हो सगळं" म्हणाला की विषय संपला. जे झाकलं जाणार तिथेच तो वाचवणार. तिथे तुम्ही बघत नाही, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

स्लॅबवाला
तो धागा लिहिणारा मीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

तुमच्या वाड्यावर माकडं येत नसावीत. आमच्याकडे फणस पिकू लागले की टोळी छपरावरून धावते आणि दर उडीला एक कौल जातं. मे महिन्यात शाकारणीला जो माणूस यायचा त्याचे गुडघे गेले, मुलगा बोटीवर. दुसरा शोधून आणला तर त्याने फिरताना होती ती फोडली. वासे वाळवीने आतून पोखरले होते, वरून तेलपाणी केल्यासारखे दिसायचे, बोट दाबलं तर आत गेलं. आई त्याखाली झोपायची. उतारावरून पाणी जातं म्हणता ना? कौल फुटलेलं असलं की ते आईच्या खाटेवर जातं.

आणि एवढं परंपरेचं प्रेम आहे तर ऐका: तुमचं ते मंगळुरी कौल १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला तेव्हाचं. त्याआधी नळीच्या आकाराची साधी कौलं, म्हणजे नळे, होते, गरिबाकडे झावळ्या. म्हणजे तुमचं कौलही कारखान्याचाच माल. तेव्हा तुमच्यासारखा एखादा सोप्यावर बसून 'नळ्यांची सर नाही' म्हणत असेलच.

सोप्यावरून
कारखान्याचा माल वाईट असं कुठे लिहिलंय? भाजलेली माती होती, बारीक सांध्यात अडकणारी, फुटली तर एक काढून दुसरी बसवता येणारी. स्लॅबचा तेवढाच तुकडा काढून बदलून दाखवा.

साधा प्रश्न: तुमच्या स्लॅबवर शेड आहे की नाही?

स्लॅबवाला
कपडे वाळत घालायला आहे.

पेडण्याची सून
😂 आमच्याकडेही 'कपड्यांसाठीच' आहे.

चुन्याचं मात्र खरं आहे, आमच्या घरात घडलंय. चतुर्थीच्या आधी रंग काढायचा म्हणून सासऱ्यांनी जुना गिलावा पाडून सिमेंट करून घेतलं, त्यावर महागातला बाहेरचा रंग. पुढच्या चतुर्थीला देवाच्या मागची भिंत अशी फुगली होती की मखराच्या मागे पडदा लावावा लागला. पाहुणे म्हणाले, छान डेकोरेशन.

आणि गणपतीवर फळं टांगायच्या माटोळीचं काय? जुन्या घरात तिची लाकडी चौकट आढ्याखालीच होती. नव्या खोलीत स्लॅबला भोकं पाडून हूक मारले, ते गंजले. आता नारळ, सुपाऱ्या, निरफणस टांगायचे म्हणजे खाली बसलेल्या भटजींच्या जिवावरचं काम.

मांद्र्याला माहेरी समुद्र जवळ. तिथे स्टीलच्या कठड्यावर दोन पावसांत तांबूस ठिपके. दुकानदार म्हणाला स्टेनलेस आहे, गंजायचं नाही. नंतर कळलं की ३०४ होतं. समुद्रकाठी ३१६ घ्यायचं, त्यात मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेला ते जास्त टिकतं. किमतीतला फरक ऐकून भावाने परत ३०४ च घेतलं, तो भाग वेगळा.

सळईवाला
साइटवर आयुष्य गेलंय म्हणून दोघांनाही सांगतो, स्लॅब बिचारा निर्दोष आहे. काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस ४५६, त्याची २००० सालची आवृत्ती बघा. समुद्रकाठच्या हवेत उघड्यावरच्या काँक्रीटला किमान एम३० दर्जा आणि सळईवर ४५ मिमी काँक्रीटचं कव्हर. आपल्याकडे काय होतं? सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी फुटक्या टाइलचा तुकडा, तोही माणूस वर चालला की सरकतो. काँक्रीट घट्ट वाटलं की कोणीतरी पाइप सोडतो, 'जरा पातळ करूया'. तिथेच मजबुती गेली. क्युअरिंग, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं, साध्या सिमेंटला किमान सात दिवस, पीपीसीला (पोझोलाना मिसळलेल्या सिमेंटला) दहा. आपल्याकडे मालक दुसऱ्या दिवशी नारळ फोडून जातो आणि तिसऱ्या दिवशी स्लॅब कोरडा. मग खारी हवा आणि ओल सळईपर्यंत पोचते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालून पोपडे पडतात. लोक म्हणतात, स्लॅबच वाईट.

नीट टाकलेला स्लॅब पन्नास वर्षं कुठे जात नाही. पण नीट टाकायला मालकाने दिवसभर उभं राहावं लागतं, आणि मालक त्या दिवशी टाइल्स निवडायला गेलेला असतो. एवढ्यापुरतं सोप्यावरून यांचं बरोबर. चुन्याचं पुराण मला सांगू नका, चुना मुरवून घोटणारा गवंडी आज किती जणांना मिळतो?

मडगावचा मामा
मिळणार कुठून? आपल्या पोरांना काम नको. सगळं बाहेरच्यांच्या हातात. आज आलेला उद्या गावी जातो, परवा दुसराच येतो. चांगलं लाकूड कृष्णपक्षात तोडायचं असतं हे तरी त्यांना माहीत आहे का? शुक्लपक्षात तोडलेल्या लाकडातून पीठ पडतं. आमचे जुने मेस्त, म्हणजे सुतार, हे बघून मगच कुऱ्हाड लावायचे.

सळईवाला
मामा, पीठ पाडणारा किडा लाकडातल्या पिष्टावर जगतो. लाकूड नीट सुकवलं, प्रक्रिया केली, तर पंचांग उघडायची गरज नाही.

मडगावचा मामा
आमच्या दाराला अजून पीठ पडलेलं नाही. तुमच्या प्रक्रियावाल्या कपाटाचं सांगा.

बोटीवरचा
मुलगा बोटीवर, मुलगा बोटीवर. तो मुलगा मी. शाकारणीवाल्याचा नव्हे, मेस्ताचा.

बाबा खिळा न मारता चौकट जोडायचे. फणसाचं लाकूड दोन पावसाळे छपराखाली ठेवून मगच हात लावायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "मेस्ता, एवढे दिवस? बाजारात तयार दार मिळतं." मग मजुरीत घासाघीस, आणि उरलेले पैसे "चतुर्थी झाली की देतो". कुठली चतुर्थी ते कधी सांगितलं नाही. आई वहीत लिहून ठेवायची. त्याच घरांमधून नंतर शोरूमची किचनं आली, तिथे कोणी भाव केला नाही, अर्धे पैसे आगाऊ मोजले.

आता तीच माणसं म्हणतात, कारागीर राहिले नाहीत. मी केबिन साफ करतो, महिना संपला की पगार खात्यात. मामा, पोरांना काम नको असं नाही. तुमचं काम नको.

मडगावचा मामा
सगळ्यांना एका माळेत ओवू नकोस. आम्ही कोणाचे बुडवले नाहीत. एवढं आहे तर परत ये, आगाऊ देतो.

बोटीवरचा
पाठवा. मग बघतो.

सोळावा हिस्सा
तुम्ही सगळे चुना आणि सळया घेऊन बसलात, त्याआधीच्या पायरीवर कोणी बोलत नाही. आमच्या घराची कौलं बदलायची म्हटलं की पहिला प्रश्न: घर कोणाचं? आजोबांच्या नावावर. वारस पुणे, मुंबई, दुबई, एक लिस्बनला. राहतो मी. वर्गणी मागितली की ग्रुपवर सगळे हात जोडलेली चित्रं पाठवतात.

बरं, मी एकट्याने घातलं सागवान. घराची किंमत वाढली. उद्या इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वाटणी, लागली आणि वारसांत बोली झाली, तर माझ्याच सागवानाचे पैसे मी इतरांना मोजायचे? म्हणून मी पत्रे घालतो. टिकाऊ माल वगैरे ज्याच्या एकट्याच्या नावावर घर आहे त्याने बोलावं.

स्लॅबवाला
शंभर टक्के. खर्चाच्या पावत्या तरी ठेवल्यात का?

सोळावा हिस्सा
गवंडी पावती देतो तुमच्याकडे?

कुलूपवाला
बाहेर राहणारा वारस म्हणून लिहितो. आम्ही शत्रू आहोत का? दोन खोल्या आमच्या, चतुर्थीला येतो, देवाच्या खर्चाला कधी नाही म्हटलं नाही. पण न विचारता काम काढायचं आणि मग हिशेब पाठवायचा, तोही गोल आकड्यात, हे कसं चालेल? राहणारा फुकट राहतो, हेही कोणीतरी लिहा.

सोळावा हिस्सा
फुकट? वाळवीचं औषध, झाडलोट, पंचायतीची घरपट्टी, कुलूप लावलेल्या खोलीतली घूस, हे कोण बघतं? आणि तुमच्या खोलीवरचं कौल फुटलं की पाणी कुलूप बघून थांबतं का? भिंत माझ्या बाजूने फुगते.

कुलूपवाला
एवढा त्रास आहे तर हिस्सा विकत घ्या आमचा. बाजारभावाने.

सोळावा हिस्सा
दिल्लीवाल्याने सांगितलेल्या बाजारभावाने? तो येऊन काचेऐवजी शिंपले लावलेल्या खिडक्यांसकट फोटो काढून गेलाय, ते कळलंय मला.

पेडण्याची सून
त्या शिंपल्यांना सांभाळा. चिखलीच्या खाडीतला तो शिंपला आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, फुटले तर नवे सहज मिळायचे नाहीत.

मडगावचा मामा
हे सगळं पोर्तुगीजांच्या सिव्हिल कोडपासून चालत आलेलं पाप. अर्धी मालमत्ता सक्तीच्या वारसांसाठी राखीव, त्यात बायकोची सही, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या सह्या. घर सांभाळणार कोण आणि हिस्सा खाणार कोण! म्हणून घरं पडतात.

पेडण्याची सून
मामा, 'खाणार' हा शब्द मागे घ्या. मुलीला बरोबरीचा वाटा आहे हे तुमचं खरं दुखणं. माझ्या माहेरच्या छपराला मी माझ्या पगारातून पैसे दिलेत, दोन्ही भावांच्या आधी. तुमच्याकडे छप्पर गळतं ते बहिणीच्या सहीमुळे की तुम्ही तिला कधी विचारलंच नाही म्हणून?

मडगावचा मामा
तुम्ही अपवाद आहात. बाकी मी बोललो ते बोललो.

सोप्यावरून
धागा घराच्या कामाचा होता, बरं का. वाटण्यांसाठी दुसरा काढा.

बोटीवरचा
वाटण्या झाल्याशिवाय काम निघत नाही आणि काम निघाल्याशिवाय मेस्ताला पैसे मिळत नाहीत. एकच धागा आहे हा.

स्लॅबवाला
सळईवाला, एक विचारतो. वरच्या मजल्यावर न्हाणीघर काढतोय. कव्हर, एम३०, सगळं मान्य, उद्या उभा राहीन दिवसभर, टाइल्सला बायकोला पाठवतो. फरशीखाली काय? कौलाची स्तोत्रं नकोत, फक्त एवढंच सांगा.

सळईवाला
वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर तरी वर चढवून घ्या. कोपऱ्यात आणि नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीच्या) भोवती स्वतः बोट फिरवून बघा, गळती तिथेच सुरू होते. मग ट्रॅप बंद करून पाणी कोंडून ठेवा, निदान दोन दिवस. खालच्या छताला ओल दिसली नाही तरच टाइल. कंत्राटदार म्हणेल "गरज नाही, मी गॅरंटी देतो". गॅरंटी खिशात ठेवायला सांगा, पाणी कोंडा.

स्लॅबवाला
ठीक. सोप्यावरून यांना उगाच आनंद होईल म्हणून आभार फक्त तुमचे.

सोळावा हिस्सा
चुलतभावाने हा धागा वाचला, आत्ताच मेसेज आला. म्हणतो, "पत्रे घाल, अर्धे देतो. सागवानाचे देणार नाही."

सळईवाला
पत्र्याचे तर पत्र्याचे. आधी वासे तपासा, पोकळ वाशांवर पत्रा घालू नका.

सोळावा हिस्सा
वाशांचं विचारलं. ब्लू टिक आली, उत्तर नाही.