शब्दचर्चा : ‘कारणी लागणे’ आणि नुसतं ‘लागणे’

मांजराकाठ

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मराठी शिकवते. नववी ते बारावीच्या मुलांसाठी आम्ही तिघी शिक्षिका मिळून एक छोटी पुस्तिका लिहितोय. अभ्यासक्रमाची नाही, जगण्याची. तिसऱ्या प्रकरणाला नाव सापडत नाही, म्हणून इथं आले.

प्रकरणाचा विषय असा : पैसा कमवायचाच आहे, पण त्यापलीकडे आपण कशासाठी जगायचं, हे ज्याचं त्यानं कसं ओळखावं. यासाठी मराठीत सरळ, घरात बोलला जाणारा शब्द कोणता?

सुचलेले शब्द एकेक करून गळाले. ‘उद्दिष्ट’ म्हटलं की मला लसीकरणाचं उद्दिष्ट आणि वसुलीचं उद्दिष्ट आठवतं. तो शब्द वरून ठरवून खाली पाठवलेला असतो. ‘ध्येय’ चांगला होता, पण आमच्याकडच्या मुलांना विचारा, ‘तुझं ध्येय काय?’ ती परीक्षेचं नाव सांगतात, कुणी तर गुणांचा आकडाच सांगतं. शिकवणीच्या बोर्डांनी तो शब्द पार संपवला. ‘हेतू’त संशय येतो (‘याचा हेतू काय असंल?’). ‘मतलब’ तर बोलायलाच नको. ‘प्रयोजन’ मला आवडतो, पण माझ्या आजीच्या बोलण्यात प्रयोजन म्हणजे जेवणावळ. त्यांच्याकडं मोठं प्रयोजन आहे म्हणजे पंगती उठणार.

शेवटी मुलांनाच सांगितलं, घरी विचारून या, ‘जगायचं कशासाठी?’ बहुतेकांनी स्वतःच्या मनानं लिहून आणलं, ते लगेच कळतं. एका मुलीच्या वहीत मात्र एकच ओळ होती. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. त्या वेळी ते फडावर होते, म्हणून तिनं फोनवर विचारलं. आई म्हणाली, “जलम कारणी लागला पायजे.” मुलीनं ‘जलम’ खोडून वर ‘जन्म’ लिहिला होता आणि पुन्हा ‘जन्म’ खोडून ‘जलम’ केला होता. ती खाडाखोड पाहून मी थांबले.

तर विचारायचं हे : तुमच्या भागात ‘कारणी लागणे’ कशाकशाबद्दल वापरतात? माणूस गेल्यावरच म्हणतात, की जिवंतपणीही? आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलापुढं प्रकरणाचं नाव म्हणून तो ठेवता येईल का?

गोदाकाठ

परभणी. आमच्याकडं रोजच्या बोलण्यात आहे, आणि फक्त माणसाबद्दल नाही. जुनं लुगडं गोधडीत गेलं की ‘कारणी लागलं’. उरलेल्या भाकरी म्हशीला घातल्या, कारणी लागल्या. विहिरीला पाणी लागलं तर ‘पैसा कारणी लागला’, नाही लागलं तर ‘पैसा मातीत गेला’. पैसा उडतो, बुडतो, अडकतो, जिरतो. त्याच्यासाठी एवढी क्रियापदं आहेत, त्यातलं चांगलं म्हणावं असं मला हे एकच सापडतं.

व्याकरणाचंही सांगतो. ‘कारणी’ ही जुनी सप्तमी आहे, ‘घरी’, ‘दारी’, ‘मार्गी’, ‘ठायी’ यांच्यासारखी. म्हणजे कारणाच्या जागी जाऊन लागणं. आणि कारण हा शब्द पूर्वी दोन्हीकडं तोंड करून होता. आज आपण ‘का झालं’ एवढंच त्याच्याकडून विचारतो, म्हणजे मागं पाहतो. जुन्या मराठीत ‘कारणें’ म्हणजे ‘साठी’ : लोकांकारणें, देवाकारणें, पोटाकारणें. तो पुढं पाहणारा अर्थ राजकारण, समाजकारण, अर्थकारण या जोडशब्दांत राहिला आणि ‘कारणी लागणे’त राहिला. त्या बाईंनी फोनवर जो ‘कारणी’ म्हटला तो हा. तुमच्या प्रश्नातला ‘कशासाठी’ त्यात आधीच बसलेला आहे.

खळं

बरोबर. एक भर घालतो. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत. ‘लाभ’ म्हणतात, मग दोन, तीन. आमच्या शेजारचे चाचा पहिल्या मापाला ‘बरकत’ म्हणायचे. माझे आजोबा दोन्ही म्हणायचे, रास कुणाची आहे त्यावर. लहानपणी मला वाटायचं आजोबांना एक येत नाही.

‘बरकत’ शब्दाचा अर्थ जास्त असणं नाही, पुरणं आहे. ‘पैसा लय आहे पण बरकत नाही’ हे वाक्य मराठवाड्यात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

जुनी वही

मी निवृत्त, छत्रपती संभाजीनगर. शब्दांच्या व्युत्पत्तीचा नाद आहे म्हणून थोडं लांब लिहितो.

मूळ प्रश्न ‘पैशापलीकडे’चा आहे ना? मग आपल्या भाषेत पैसा आणि अर्थ हे किती जवळ राहतात ते पाहा. ‘अर्थ’ म्हणजे धन आणि ‘अर्थ’ म्हणजे आशय, दोन्हीला एकच शब्द. चार पुरुषार्थांत तर ‘अर्थ’ दोनदा येतो. बाहेरच्या ‘पुरुषार्थ’ शब्दात तो माणसाने मिळवण्याजोगी गोष्ट असा आहे, आणि आत धर्म, काम, मोक्ष यांच्या रांगेत संपत्ती असा. ‘जगण्यात काय अर्थ आहे’ असं कुणी म्हटलं तर तो पैशाबद्दल बोलत नाही हे आपल्याला कळतं, आणि ‘अर्थखातं’ म्हटलं की दुसरं काही मनात येत नाही.

आता ‘हशील’ घ्या. अरबी ‘हासिल’वरून आलेला : हाती आलेलं ते, उत्पन्न, वसूल. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, तेव्हा असले शब्द कचेरीतले. पण मराठी माणूस म्हणतो, ‘भांडून काय हशील?’ इथं कुणी महसूल विचारत नाही. ‘त्यात काय अर्थ’, ‘त्यात काय हशील’ दोन्ही शब्द तिजोरीजवळचे, आणि दोन्ही लोकांनी उचलून मनाच्या प्रश्नाला लावले. पैशाचा शब्दही माणसं पैशापुरता ठेवत नाहीत.

आणि जिथं हे दोन्ही पुरत नाहीत तिथं आपण म्हणतो, ‘आता त्यात राम नाही.’ नोकरीत राम नाही, गावात राम राहिला नाही. उत्पन्न आहे, घर आहे, राम नाही. यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही.

कोरडवाहू

चर्चा चांगली आहे, पण मला एक गोष्ट टोचते. ‘पैशापलीकडे’ हा शब्द पगार चालू असलेल्या माणसाच्या तोंडात लवकर येतो. माझं सहा एकर सोयाबीन आहे. काढणीच्या दिवसांत पाऊस लागला की शेंगा जाग्यावर मोड धरतात. त्या आठवड्यात मला कुणी जीवनाचं प्रयोजन विचारलं तर मी उत्तर देणार नाही. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर असलेल्या कोयत्याला (ऊस तोडणाऱ्या जोडप्याला) तर कुणी विचारूही नये.

पोटामागं लागलेला आणि पैशामागं लागलेला हे दोन वेगळे लोक आहेत. मराठीनं दोन वेगळे शब्दप्रयोग ठेवलेत, पुस्तिकेतही ते वेगळे राहू द्या. नाहीतर गरीब पोराला वाटेल, कमवायची इच्छा म्हणजेच काहीतरी चूक.

मांजराकाठ

@कोरडवाहू, तुमचं पटलं, आणि ही चूक मी पहिल्या मसुद्यात केली होती. पण एक सांगते. तुम्ही ज्यांना विचारू नये म्हणता, उत्तर त्यांच्यातल्याच एकीनं दिलंय. उचल अंगावर असताना, फडावरून. म्हणून तर मला तिचा शब्द सोडवत नाही. त्यात पैशाला नाव ठेवलेलं नाही. पैसाही कारणी लागतो, देहही कारणी लागतो, जुनं लुगडंही लागतं.

जुनी वही

तुकोबांची ओळ इथं नेमकी बसते : ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी ॥’ धन जोडायचंच आहे. व्यवहार उत्तम हवा आणि वेच, म्हणजे खर्च, करताना मन त्यात गुंतलेलं नको. ‘उदास’ म्हणजे इथं दुःखी नाही, अलिप्त. मुलांना ही टीप द्यावी लागेल.

अभ्यासिका

‘लागणे’ या क्रियापदावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मला ते तीन वर्षं छळत होतं.

कृषीची पदवी घेऊन मी गावी परत आलो. बसमधून उतरलो की पहिला प्रश्न, ‘लागलास का कुठं?’ कुठं म्हणजे नोकरीला, हे वेगळं बोलावं लागत नाही. आमच्याकडं ‘पोरगं लागलं’ एवढंच वाक्य पूर्ण आहे. ‘मार्गी लागलं’ हे त्याचं थोडं सभ्य रूप. मी स्पर्धा परीक्षा देत होतो आणि संध्याकाळी मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर पोरांचा अभ्यास घेत होतो. सुरुवातीला सात पोरं होती, पुढं ओसरी पुरेना. तरी ‘लागलास का?’ला माझं उत्तर ‘नाही’च होतं. ते ‘नाही’ म्हणताना मी दरवेळी खाली बघायचो.

एकदा दळण घेऊन जाताना चुलत्यानं विचारलं, मी नेहमीचं उत्तर दिलं. ओसरीच्या कडेला शेजारची म्हातारी बसली होती. ती म्हणाली, “न्हाई कसा? लागलाय की. पोरांच्या मागं लागलाय.” चुलता हसला. मी डोक्यावरचं दळण खाली ठेवलं आणि जरा वेळ तिथंच बसलो. तिचा नातू माझ्याकडं पाढे शिकत होता.

आज मी खतांच्या दुकानात हिशेबाला आहे, म्हणजे गावाच्या भाषेत ‘लागलो’. ओसरी अजून चालू आहे. दोन्ही ‘लागणं’ एकाच माणसात राहू शकतं, हे मुलांना सांगा. एकाची पगारपत्रिका असते, दुसऱ्याची म्हातारी साक्ष असते.

जुनी वही

@अभ्यासिका, फार मोलाचं लिहिलंत. हिशेबावरून आठवलं. पैठणच्या नाथांची कथा सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यातलं क्रियापद पाहा. नाथ देवगिरीला जनार्दनस्वामींकडं होते, हिशेबाचं काम त्यांच्याकडं. एका पैची चूक सापडेना. रात्रभर दिव्यापुढं बसले आणि चूक सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. एका पैसाठी इतकं तल्लीन होतोस, मग हेच चित्त देवाकडं लागलं तर, असा त्यांचा सांगण्याचा आशय. हिशेब लागला, तंद्री लागली, चित्त लागलं, ध्यास लागला, समाधी लागली. तेच क्रियापद पैपासून समाधीपर्यंत चालतं. आणि कथेत स्वामींनी हिशेबाला कमी लेखलेलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या रात्रीचं लक्ष खरं होतं, म्हणून तर त्याला वळण देता आलं.

आंबेजोगाई

आमच्या गावच्या दासोपंतांबद्दल सांगतात की त्यांना लिहायला रोज एका ढबू पैशाची शाई लागायची. त्यांनी पासोडीवर, म्हणजे अंगावर घ्यायच्या जाड कापडावर, पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांवरचं वेदान्ताचं विवेचन, लिहिलं. ती पासोडी सुमारे ४० फूट लांब आहे. रोजचा ढबू पैसा कारणी लागला म्हणायचा तो असा.

उदगीरकर

शंका. ‘लागणे’ की ‘लावणे’? ‘कारणी लागला’मध्ये माणूस काही करतच नाही, आपोआप घडल्यासारखं वाटतं. मुलांना कर्तेपण शिकवायचं असेल तर ‘आयुष्य कारणी लावा’ असं हवं ना?

गोदाकाठ

पैशाबद्दल आपण सहज ‘कारणी लावला’ म्हणतो, वेळेबद्दलही. पण स्वतःच्या जन्माबद्दल ‘मी माझा जन्म कारणी लावला’ असं कुणी म्हणताना मी ऐकलेलं नाही. ते दुसऱ्यानं म्हणायचं असतं. म्हातारीनं म्हटलं तसं. वेळ लावायचा, हात लावायचा, जीव लावायचा, आणि जन्म लागतो. प्रकरणाच्या आत ‘लावणे’ भरपूर वापरा, नावात ‘लागणे’च राहू द्या.

बाकी आपल्याकडं हे क्रियापद इतकं मुरलंय की ते ऐकूही येत नाही. लातूरकडं ‘काय करलालास?’ म्हणतात, तो मला तरी ‘करू लागलास’चाच झिजलेला अवतार वाटतो. म्हणजे आपण सगळे दिवसभर कशाला ना कशाला लागलेलेच असतो.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. नाव ठरलं, ‘कारणी लागणं’. @कोरडवाहूंचं पोट आणि पैसा वेगळे ठेवण्याचं म्हणणं पहिल्या पानावर घेतलंय, आणि @अभ्यासिका, तुमची परवानगी असेल तर गावाचं नाव न देता ओसरीची हकीकत घ्यायची आहे.

काल त्या मुलीनं आईला फोन लावून दिला. फडावर मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी तिला तिचंच वाक्य वाचून दाखवलं, ‘जलम कारणी लागला पायजे’. ती थोडी गप्प झाली आणि म्हणाली, “तसं नगं लिहू बाई. पोरीला वाटंल, आईचा आजून लागायचाच हाय. लागलालाय म्हणून लिव्हा.”

आता शेवटची मदत. हे ‘लागलालाय’, म्हणजे ‘लागतो आहे’, छापायचं कसं? पुस्तिका परभणी, नांदेडकडच्या शाळांतही जाणार आहे.

गोदाकाठ

आमच्याकडं ‘लागायलाय’ म्हणतील. दोन्ही छापा, आईचं आधी.