मदत हवी आहे: दुपारी ओलाव्याचं रीडिंग आपोआप चढतंय (तातडीचं)

तासगावकर_७
मंडळी, डोकं फुटायची वेळ आली आहे. द्राक्षबागेत आर्डुइनो उनो (सेन्सर वाचून व्हॉल्व्ह चालवणारा छोटा बोर्ड) बसवलाय. त्याच्या ए-१ पिनला मातीच्या ओलाव्याचा कॅपॅसिटिव्ह सेन्सर, ए-० ला सोलार. ए-१ चं रीडिंग ४५० च्या वर गेलं की माती कोरडी समजून व्हॉल्व्ह उघडतो. दोन महिने झकास चाललं. आता आठवडाभर रोज बारानंतर रीडिंग ३९० वरून ४७० ला जातं आणि भर उन्हात ठिबक सुरू! माती हातात घेऊन पाहिली, लाडू वळतोय. सेन्सर बदलला, तेच. माल काढणीला आलाय, जादा पाणी झालं तर मणी तडकतील. कोड बरोबर आहे, त्यावर चर्चा नको. लवकर सांगा.

खटपट्या
ऊन लागून सेन्सर तापत असेल. डबीत घाला, सावली करा. शिवाय दहा रीडिंगची सरासरी घ्या. माझ्या गच्चीवरच्या टोमॅटोला असंच होत होतं, सरासरीने गेलं.

तासगावकर_७
सेन्सर वेलीच्या सावलीतच आहे. सरासरी वीसची घेतोय.

बागायतदार२
या दिवसांत बागेला दुपारी पाणी देऊच नये. आमच्याकडे काढणीच्या आधी पाणी तोडतात.

तासगावकर_७
दादा, मी कुठं देतोय, तेच आपोआप चाललंय!!

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट
"ए-० ला सोलार" म्हणजे नक्की काय? बॅटरी की पॅनेल? मधे रेझिस्टर कुठले? ढगाळ दिवशीही असं होतं का? आणि त्या वेळी ए-० वर काय दिसतं?

सर्किटसम्राट
उनो हे खेळणं आहे. एडीएस१११५ (व्होल्टेज मोजणारी वेगळी चिप) लावा, १६ बिट, विषय संपला.

ढोलवाला
आमच्या पथकाचं रेकॉर्डिंग करताना हाच त्रास. टोल पडला की मीटर लाल आणि आवाज फाटलेला. गेन कमी करून पीक उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. नाहीतर ३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर घ्या, त्यात कमी-जास्त गेनचे दोन कन्व्हर्टर असतात, लाल व्हायचा प्रश्नच नाही.

खटपट्या
ढोलवाले, इथं द्राक्षं आहेत.

ढोलवाला
गोष्ट तीच आहे हो. डोकं कापलं गेलेली लाट सरासरी काढून परत येत नाही.

तासगावकर_७
@निवृत्त: पॅनेल. १२ व्होल्टचं आहे. वर १० के (किलोओहम) रेझिस्टर, खाली ४.७ के, म्हणजे १५ व्होल्टपर्यंत चालेल असं बघूनच लावलंय. मंगळवारी आभाळ होतं, त्या दिवशी काही झालं नाही. आणि ए-० तर एकदम छान आहे, दुपारभर १५.६४ वर स्थिर, पॉइंटसुद्धा हलत नाही.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट
सापडलं. शेतात इतकं स्थिर काही नसतं. १५.६४ हे व्होल्टेज नाही, ती तुमची कमाल मर्यादा आहे: ५ गुणिले १४.७ भागिले ४.७. कच्चं रीडिंग छापा, १०२३ असणार, म्हणजे उनो दाखवू शकतो तो सर्वात मोठा आकडा.
"१२ व्होल्टचं" पॅनेल म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करणारं पॅनेल. मोकळं सोडलं तर २१-२२ देतं. हल्ली पाणी कमी केलंय ना? म्हणजे बॅटरी दुपारपर्यंत फुल होते, चार्ज कंट्रोलर पॅनेल तोडतो आणि ते थेट २१ वर जातं. तुमच्या हिशोबाने पिनवर पावणेसात व्होल्ट! चिपच्या आतला संरक्षक डायोड ते साडेपाचाच्या आसपास रोखतो, आणि उरलेला सुमारे ०.४ मिलिअँपिअर करंट चिपच्या पोटात शिरतो.
आता ए-१ चा काय दोष? काही नाही. उनोत व्होल्टेजचा आकडा करणारा कन्व्हर्टर एकच, सहा पिना त्याला आळीपाळीने जोडल्या जातात. एक पिन पुरवठ्याच्या वर गेली की तिचं बंद असलेलं स्विचही नीट बंद राहत नाही. गळती शेजारच्या रीडिंगमध्ये मिसळते. तुमचा सेन्सर आधीच अशक्त, आउटपुटला दम नाही, म्हणून तो आधी वर ओढला जातो. कॅपॅसिटिव्हमध्ये वर म्हणजे कोरडं.
एकच शंका, पॅनेलचा आणि बॅटरीचा मायनस कंट्रोलरमध्ये एकच आहे ना? काहींमध्ये प्लस एकच असतो, मग हा सगळा हिशोब बदलतो.

तासगावकर_७
मीटर लावला, मायनस एकच आहे. कच्चं रीडिंग १०२३. पॅनेलची वायर काढली, ए-१ लगेच ३९१. बाप रे. आता करू काय? ५.१ चा झेनर (ठराविक व्होल्टेजच्या वर जाऊ न देणारा डायोड) लावू का, टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे आहे.

सर्किटसम्राट
झेनर लावा आणि मोकळे व्हा. नाहीतर मी सांगितलेलं एडीएस१११५. त्याची रेंज ६.१४४ व्होल्ट आहे.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट
सम्राट, ती रेंज मोजणीची पट्टी आहे. पिन पुरवठ्यापेक्षा ०.३ व्होल्टहून जास्त वर न्यायची नाही हे त्याच डेटाशीटमध्ये आहे. ५ व्होल्टवर चालवून ६ दिले तर तीच गत.
आणि ५.१ चा झेनर गुळमुळीत असतो. चारच्या आसपासच थोडा करंट प्यायला लागतो, म्हणजे वरची रीडिंगं खोटी.

सर्किटसम्राट
उनोची चिप काढणाऱ्या अॅटमेलनेच एव्हीआर१८२ नोटमध्ये घरातली वीज थेट पिनला जोडली आहे, आतल्या डायोडच्या भरवशावर. तेव्हा एवढं घाबरण्यासारखं नाही.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट
एक मेगाओममधून जोडली आहे हो! आणि ती फक्त शून्य कधी ओलांडलं हे ओळखायला. चिप जळेल असं मी म्हणतच नाहीये. चिप जिवंत राहील आणि खोटं बोलेल, ते जास्त वाईट.
तासगावकर, झेनर नको. वरचा १० के काढून ४७ के, खालचा ४.७ के काढून १० के. २८ व्होल्टपर्यंत जागा मिळेल, थंडीत सकाळी पॅनेल चढतं त्यालाही पुरेल. दोन्ही मिळून सव्वाआठ के दिसतात, उनोच्या एव्हीआर चिपला दहाच्या आत हवेत, तेही जमलं. पिन ते ग्राउंड ०.१ मायक्रोफॅरडचा डिस्क कपॅसिटर. वीज-वादळाची भीती असेल तर पिनच्या आधी १ के आणि बीएटी८५ शॉट्की डायोड पिनपासून ५ व्होल्टकडे.

खटपट्या
शॉट्कीने तो करंट ५ व्होल्टच्या लाइनवर ढकलला की लाइनच वर नाही का जाणार? रेग्युलेटर करंट परत घेत नाही.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट
चांगला मुद्दा. उनो स्वतःच चाळीसेक मिलिअँपिअर खातो, त्यात हे विरून जाईल. बॅटरीवर चालणाऱ्या, बराच वेळ झोपणाऱ्या बोर्डाला मात्र हा धोका खरा.

ढोलवाला
म्हणजे गेन कमी केला. मी काय वेगळं बोललो?

तासगावकर_७
दुकानात ४७ के मिळाला, १० के जुनाच खाली लावला. बीएटी८५ इथं कुणाला माहीतच नाही, सांगलीला गेलो की बघतो. दुपारी दीड वाजता उभा राहून पाहिलं: ए-० ७६८, ए-१ ३९२, ठिबक बंद. काकांना एक पेटी पोच करतो.
पण आता नवीनच. स्क्रीनवर पॅनेल भर उन्हात ११.७ दाखवतंय. आधी १५ असायचं. पॅनेल गेलं का कंट्रोलर?

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट
कोडमधला गुणक ३.१३ चा ५.७ केला का?

तासगावकर_७
कुठला गुणक?